उडत्या चाकाचे मडगार्ड

मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी 1935 मध्ये ज्या म्हैसूर शहरात खाजगी नभोवाणी केंद्र उभारले आणि त्याला 'आकाशवाणी' हे नाव मिळाले, त्याच शहरात बदलीच्या निमित्ताने सध्या माझे वास्तव्य आहे. अशा गावाहून आलेल्या माणसाने काही उंच विषयावर बोलावे, ही अपेक्षा रास्तच होय. परंतु आज मी बोलणार आहे तो जमिनीवरच्या, फार तर जमिनीपासून हात-दोन हात उडणाऱ्या वस्तूविषयी. ती वस्तू म्हणजे चिखल. आणि त्याला अडविणारे सायकलीचे मडगार्ड.

म्हैसूरचा पाऊस कोकणातल्यासारखा चार महिने ठाण मांडून बसत नाही. सह्याद्रीच्या पूर्वेकडील या पठारावर तो वर्षाकाठी सरासरी 800 मिलिमीटरच्या आसपास पडतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या सरींनी त्याची सुरुवात होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा जोर धरतो. रात्री सर कोसळावी आणि सकाळी लख्ख ऊन पडावे, हा इथला नेहमीचा प्रकार. साहजिकच सायकलस्वाराला आभाळ भिजवीत नाही, रस्ता भिजवितो. आणि इथली तांबडी माती कपड्यावर एकदा बसली की धोबीही हात टेकतो.

माझ्या मुलीला तिच्या चुलतभावाने परदेशी जाताना आपली डोंगरी सायकल दिली. रविवारी पहाटे उठून चामुंडीच्या टेकडीवर जावयाचे, हा तिचा नेम झाला. ही टेकडी शहरापासून सुमारे 300 मीटर उंच. भाविक पायऱ्यांनी चढतात, सायकलस्वार वळणावळणाच्या रस्त्याने. पावसाच्या दिवसांत मुलगी परत येई, ती पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत तांबडा पट्टा घेऊनच.

त्या पट्ट्याचे गणित सोपे आहे. ताशी 18 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलीचे टायर आसाभोवती सेकंदाला 5 मीटर वेगाने फिरत असते. त्या वेगाने सरळ वर फेकलेला थेंब, हवेचा विरोध सोडून दिला तर, सुमारे सव्वा मीटर चढतो. चाकाच्या मागल्या अंगाने तो सुटतो, सायकलीबरोबरच पुढे जातो आणि बसणाऱ्याच्या पाठीवर विसावतो. आपल्या वडिलांच्या पिढीच्या काळ्या सायकलींना हा प्रश्न पडला नाही. त्यांचे चाक फ्रेमला जखडलेले. त्यामुळे पत्र्याचे मडगार्ड दोन बोटांच्या अंतरावर कायमचे बसविता येई.

डोंगरी सायकलीची गोष्ट वेगळी आहे. तिचा जन्म 1970 नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात झाला. उन्हाळाभर कोरड्या असणाऱ्या डोंगरांवरून धुरळा उडवीत उतरणाऱ्या तरुणांनी ती घडविली. तिला पुढे दोन्ही चाकांना सस्पेन्शन आले. पुढच्या चिमट्याच्या नळ्या एकमेकींत सरकतात. मागचे चाक धरणारा भाग बिजागरीवर झुलतो आणि त्याचा धक्का शॉक ॲब्सॉर्बर झेलतो. म्हणजे या सायकलीत चाक आणि फ्रेम यांच्यातले अंतर क्षणोक्षणी बदलते. मग मडगार्ड कोणाच्या बाजूने उभे करावे, चाकाच्या की बसणाऱ्याच्या?

हा प्रश्न मला त्या वेळी पडलाच नाही. मी बाजारातून मडगार्ड आणले, ते सीटच्या नळीला आवळले आणि शिस्तीने मोजपट्टी घेतली. शॉक ॲब्सॉर्बरचा दांडा पाच-साडेपाच सेंटिमीटर आत जातो असे दिसले, म्हणून टायरच्या वर नऊ सेंटिमीटर जागा सोडली. नियमापेक्षा जास्तच दिली, असे समाधानही वाटले.

दुसऱ्याच रविवारी टेकडी उतरताना, पायथ्याजवळच्या गतिरोधकावर मुलगी पडली. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून बचावली. कोपराला चार टाके पडले. मी तिला वेगाबद्दल बरेच बोललो. ती एवढेच म्हणत राहिली, "बाबा, मी ब्रेक लावलाच नव्हता. चाक आपोआप थांबलं." मी ते ऐकून घेतले नाही. संध्याकाळी सायकल धुताना मडगार्डचा तुकडा टायर आणि फ्रेम यांच्यात रुतलेला सापडला, तेव्हा माझी मान खाली गेली.

चूक माझ्या मोजणीत होती. मागचा भाग ही एक तरफ आहे. शॉक ॲब्सॉर्बर बिजागरीजवळ असतो, चाक दूर असते. म्हणून दांडा पाच-साडेपाच सेंटिमीटर दबला, तर या सायकलीचे चाक चौदा सेंटिमीटर वर येते. मी उभ्या सायकलीचे माप घेतले होते, धक्का खाणाऱ्या सायकलीचे नव्हे.

दुसऱ्या वेळी आम्ही दोघांनी मिळून काम केले. तिचा एक हात पट्टीत होता, म्हणून ती सांगत होती आणि मी करीत होतो. प्रथम शॉक ॲब्सॉर्बरमधील हवेचा दाब लिहून ठेवला, मग हवा सोडली. सीट अगदी खाली घेतली आणि चाक पूर्ण वर येईपर्यंत सायकल दाबली. त्या अवस्थेत टायरच्या वर दोन बोटे जागा राहील, असे मडगार्ड आवळले. टायरच्या खाचांत चिखल भरतो, त्यालाही जागा हवीच. मग हवा पुन्हा लिहिलेल्या दाबाइतकी भरली. सायकल उभी राहिली, तेव्हा मडगार्ड टायरपासून वीतभर उंच, पक्ष्याच्या शेपटीसारखे दिसू लागले. दिसेना का! अंतर वाढले की पाणी पसरते. म्हणून ते जुन्यापेक्षा रुंद आणि लांब घेतले. काही सायकलींची सीट बटण दाबताच खाली-वर होते. तिच्या सरकत्या नळीवर मात्र काहीही आवळू नये.

पुढचे काम सोपे होते. चिमट्याच्या खालच्या नळ्या चाकाबरोबरच हलतात; त्यांना जोडणाऱ्या कमानीला लवचिक प्लॅस्टिकचे मडगार्ड बंदांनी बांधले की टायरपासूनचे अंतर बदलत नाही. केवळ चिमटा पूर्ण दबल्यावर ते वर कोठे चेपत नाही, एवढे पाहावे. मागेही शॉक ॲब्सॉर्बरवर चिखल येऊ नये म्हणून झुलत्या भागाला एक लहान पट्टी बांधली. म्हणजे माझ्या प्रश्नाचे उत्तर असे निघाले: चाकाबरोबर हलणारे मडगार्ड चाकाजवळ ठेवावे, बसणाऱ्याच्या बाजूचे असेल, तर त्याने चाकाची सर्व वाट मोकळी सोडावी.

मी सरकारी नोकर आहे. कागदावर नियम आखताना समोरची गोष्ट स्थिर आहे असे धरून चालण्याची आम्हाला सवय असते, आणि अपघात झाला की चालविणाऱ्याचा वेग प्रथम दिसतो. मुलीने सांगितलेले तेव्हाच ऐकले असते, तर तिला विनाकारण बोलणी खावी लागली नसती. तसे मी तिला सांगितलेही.

ऑक्टोबरच्या एका ओल्या सकाळी ती पुन्हा टेकडीवर जाऊन आली. दारात पाठ करून उभी राहिली. शर्ट स्वच्छ होता. बूट मात्र चिखलाने माखले होते. पायांसाठी मडगार्ड अजून आमच्या घरी निघालेले नाही.