कालिंदी खिंडीच्या यादीतील माणसे

(हिमालयात पदभ्रमणास जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



हिमालयावर बोलायला उभे राहिले की वक्त्याला वर्णनाचा मोह होतो. शिवलिंग शिखरावरचा सूर्योदय, गोमुखाचा गारठा, साधूंच्या कुटी. हे सगळे मला प्रिय आहे, पण आज मी ते बाजूला ठेवणार आहे. संयोजकांनी मला नियोजनाचा विषय दिला आहे आणि तो रुक्ष आहे. सर्वच मार्गांविषयी थोडे थोडे बोलण्यापेक्षा एकच मार्ग घेतो : गंगोत्रीहून कालिंदी खिंड ओलांडून बदरीनाथ. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. खिंडीची उंची सुमारे ५९५० मीटर. गोमुखाच्या पुढे वस्ती नाही, आणि पलीकडच्या बाजूस घस्तोलीच्या चौकीपर्यंत माणसाची चाहूल लागेलच असे नाही.

१९३१ साली कामेत शिखराच्या मोहिमेतील कॅप्टन बर्नी याने ही खिंड ओलांडली आणि काही काळ तिला त्याचेच नाव चिकटले होते. परंतु या प्रदेशात वावरणारे आपले साधू नकाशे छापून घेत नव्हते, त्यांची नोंद ठेवणारेही कोणी नव्हते. गंगोत्रीच्या तपोवन महाराजांचे शिष्य स्वामी सुंदरानंद यांनी कॅमेरा खांद्याला लावून या हिमनद्यांवर अनेक दशके भ्रमंती केली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्यांच्यापाशी आपल्यासारखी साधने नव्हती, मात्र एक गोष्ट विपुल होती आणि ती म्हणजे वेळ. आपल्याजवळ नेमका तोच नसतो. सगळ्या चुका तेथून सुरू होतात.

माझीच चूक सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही नऊजण या मार्गावर निघालो. नेता मी. कागदावर पंधरा दिवसांचा कार्यक्रम उत्तम आखला होता. मग एकाची रजा कमी झाली, परतीचे आरक्षण दोन दिवस अलीकडचे मिळाले आणि पुण्यात एका बैठकीच्या खोलीत पंख्याखाली बसून आम्ही वासुकी तालचा विश्रांतीचा दिवस खोडून टाकला. कोणी आक्षेप घेतला नाही. सगळे सिंहगड चढणारे, दमदार. आम्हाला वाटले, आपण निभावून नेऊ.

त्या कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटी मंडळींची यादी होती. आम्हा नऊजणांची नावे, वय, रक्तगट, घरचा दूरध्वनी. त्याखाली एकच ओळ : ‘भारवाहक : १४.’

वासुकी ताल सुमारे ४८८० मीटरवर आहे. तेथून आम्ही दुसऱ्याच दिवशी खडा पत्थरच्या मुक्कामाला पोहोचलो. आमच्यापैकी दोघांची डोकी दुखत होती, त्यांना गोळ्या दिल्या, त्यांची विचारपूस झाली. रात्री नवाच्या सुमारास स्वयंपाक्याने मला हाक मारली. भारवाहकांच्या तंबूत नेपाळच्या जुमल्याकडचा एक तरुण बसून राहिला होता, कारण आडवे झाले की त्याचा श्वास कोंडत होता. खोकल्यातून फेस येत होता. फुप्फुसात पाणी उतरू लागल्याचे ते लक्षण होते. त्याला आदल्या दिवसापासून त्रास होत होता. सांगितले का नाही, असे विचारले तर तो म्हणाला, “साहब, मजुरी कट जाती.” त्याच्या पायात कापडी बूट होते. दहा दिवस तो माझ्या मागून चालत होता आणि मी ते पाहिले नव्हते.

या विकारावर खरे औषध एकच, ते म्हणजे खाली उतरणे. रात्रीच त्याला आळीपाळीने पाठीवर घेऊन आम्ही वासुकी तालकडे, आणि उजाडल्यावर नंदनवनाकडे नेले. बाटलीतला प्राणवायू किती वेळ पुरला ते सांगण्यासारखे नाही. आम्ही तो नऊजणांच्या हिशेबाने घेतला होता. तो मुलगा वाचला. पायाची दोन बोटे मात्र गेली. खिंड अर्थातच झाली नाही. घरी परतल्यावर त्याच्या गावी कळवायचे म्हणून मी नाव-पत्ता शोधू लागलो, तेव्हा माझ्यापाशी ती ‘१४’ची ओळ तेवढी होती.

नियोजन या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. आता तपशिलाकडे वळतो.

पहिला प्रश्न ऋतूचा. महाराष्ट्रातला नोकरदार दिवाळीची सुट्टी पाहतो. हिमालयाला ती सुट्टी मान्य नाही. ऑक्टोबर २०२१च्या तिसऱ्या आठवड्यात हर्सिलहून छितकुलकडे लमखागा खिंडीच्या मार्गावर असलेली मंडळी अचानक झालेल्या हिमवर्षावात सापडली आणि अनेकांनी प्राण गमावले. बरे, जून सुरक्षित म्हणावा तर जून २०२४ मध्ये सहस्रताल मार्गावर कर्नाटकातील नऊ ट्रेकर हिमवादळात आणि थंडीत दगावले. तो मार्ग तर कालिंदीहून पुष्कळ खालचा. मी स्वतः जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर पसंत करतो. पण तारखेपेक्षा महत्त्वाचे ते राखीव दिवस. कार्यक्रमात किमान तीन दिवस कोणत्याही कामासाठी न ठेवलेले असावेत. ते वादळाचे, आजाराचे किंवा रस्त्याचे. ५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्रीच्या वाटेवरील धराली चिखल-दगडांच्या लोंढ्याखाली गेले, हे आपण सर्वांनी पाहिले. ऋषिकेश ते गंगोत्री हा प्रवास नकाशात सोपा दिसतो, तो तसा समजू नये. आणि परतीचे आरक्षण रद्द करण्याचा खर्च आरंभीच अंदाजपत्रकात धरावा. एवढी एक गोष्ट केली तरी खिंडीच्या पायथ्याशी निर्णय घेताना डोके शांत राहते.

दुसरा प्रश्न उंचीचा. आपला कळसूबाई १६४६ मीटर. गंगोत्रीचे मंदिर त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, आणि तेथून आपल्याला चढायचे आहे! साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. व्यायामाने दम वाढतो, पण विरळ हवेशी शरीराचे जुळणे हे व्यायामाने होत नाही, त्याला रात्री मोजून द्याव्या लागतात. तीन हजार मीटरच्या पुढे झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तेथेच करावा, हा वैद्यकीय दंडक आहे. म्हणून गंगोत्रीला दोन रात्री, भोजबासाला एक, नंदनवनला दोन, वासुकी तालला दोन. मग खडा पत्थर, खिंडीचा पायथा, खिंड आणि पलीकडे राजा पराव, अरवा ताल, घस्तोली. नंदनवन ते वासुकी ताल ही चढण पाचशे मीटरच्या किंचित वर जाते, म्हणूनच दोन्हीकडे दोन-दोन रात्री. आमच्या वेळी यातलीच एक खोडली गेली होती. डायमॉक्ससारखी औषधे डॉक्टरांना विचारून घ्यावीत. ती विश्रांतीच्या दिवसाची जागा घेत नाहीत. रोज सकाळी ऑक्सिमीटर प्रत्येकाच्या बोटाला लावावा. प्रत्येकाच्या म्हणजे स्वयंपाक्याच्या आणि भारवाहकांच्याही. ते डोंगरातले, त्यांना काही होत नाही, ही समजूत घातक आहे.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे, पण ते लवकर सुरू करावे. गोमुखाचा परिसर गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येतो, तेथे रोज दीडशे जणांनाच प्रवेश आहे आणि हिवाळ्यात उद्यान बंद असते. पुढचा प्रदेश सीमेलगतचा असल्याने अंतर्गत सीमारेषेची परवानगी लागते, आणि मार्ग उत्तरकाशी व चमोली या दोन जिल्ह्यांतून जातो. काही तरुण याला सरकारी कटकट म्हणतात. मला ते पटत नाही. भारत-तिबेट सीमा पोलीस दल २४ ऑक्टोबर १९६२ रोजी, युद्ध चालू असताना स्थापन झाले, आणि त्याचे जवान अशा उंचीवर वर्षाचे बाराही महिने उभे असतात. त्यांच्याजवळ तुमची यादी आधी पोहोचली असेल, तर तुम्ही ठरल्या दिवशी उतरला नाहीत हे कोणाच्या तरी लक्षात येईल. आणखी एक : उपग्रह-फोन, किंवा उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी छोटी यंत्रे, दूरसंचार विभागाच्या परवान्यावाचून बाळगणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. परदेशातील भावाने भेट दिली म्हणून पिशवीत टाकून नेऊ नका. उतरण्याचा दिवस आणि त्यानंतर किती तासांनी शोध सुरू करायचा, हे उत्तरकाशीत व घरी लेखी देऊन जावे.

अन्नाविषयी बोलायला मला आवडते, म्हणून थोडे अधिक बोलतो. पाच हजार मीटरवर पाणी साधारण ८३ अंशांनाच उकळते. त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ तासन्‌तास रटरटते आणि दाताखाली कच्चीच लागते. कुकर आणि त्याची जादा रिंग ही चैनीची वस्तू नाही. हर्सिलचा राजमा प्रसिद्ध आहे, तो अवश्य घ्या, पण भोजबासापर्यंत खाऊन संपवा. वर मूगडाळ, शेवया, सातू, गूळ, शेंगदाणे. भूक मरते, तेव्हा जिभेला ओळखीची चव लागते. मेतकूट आणि लिंबाचे लोणचे यांनी माझ्या डोळ्यांदेखत दोन माणसे चालती केली आहेत. इंधनाचा हिशेब बर्फ वितळवण्यासह करावा, कारण वर पिण्याचे पाणीसुद्धा स्टोव्हवर तयार होते. धान्याची खरेदी पुण्यात न करता उत्तरकाशीत करावी. तेथील दुकानदार, तेथील खेचरवाला, तेथील वाटाड्या हे सीमावर्ती समाजाचे घटक आहेत. १९६२ मध्ये याच भागीरथीच्या खोऱ्यातील नेलांग आणि जादुंग ही गावे रिकामी करावी लागली. तेथील कुटुंबे बगोरी आणि डुंडा येथे येऊन राहिली. सीमेवरील गाव ओस पडण्याचे मोल किती असते, हे आपल्याला उशिरा उमगले. पलीकडच्या माणा गावाच्या पाटीवर २०२३ पासून ‘भारताचे पहिले गाव’ असे लिहिले आहे, पूर्वी ते ‘शेवटचे’ होते. पाटी बदलली, चांगले झाले. आपण तेथे चार पैसे खर्च करतो का, हा पुढचा भाग आपल्याकडे येतो.

हिमनदीवरची वाट दरवर्षी बदलते. गोमुखाच्या वर गंगोत्री हिमनदी आणि पुढे चतुरंगी हिमनदी ओलांडताना गेल्या वर्षीच्या वर्णनावर विसंबू नये. त्याच हंगामात जाऊन आलेला वाटाड्या हवा. शेवटच्या टप्प्यात हिमभेगा आहेत, म्हणून दोर, आणि चमूतील निदान तिघांनी गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम केलेला असावा. खिंडीसाठी पहाटे तीन-साडेतीनला निघायचे. अकराच्या ठोक्याला माथ्यावर नसलो तर परत, मग माथा हाकेवर दिसत असला तरी परत. ही वेळ पुण्यात ठरवून, सर्वांच्या सह्या घेऊन कागदावर लिहावी. वर प्राणवायू कमी आणि हट्ट जास्त असतो. खिंडीच्या पायथ्याशी पोहोचाल तेव्हा मागे फिरण्यापुरते चार दिवसांचे अन्न शिल्लक असलेच पाहिजे. आणि पलीकडे उतरल्यावर संपले असे समजू नका : अरव्याचे प्रवाह दुपारी बर्फ वितळून फुगतात, ते सकाळीच ओलांडावेत.

आता भारवाहक. त्या प्रसंगानंतर मी पाच वेळा हिमालयात चमू नेले, त्यांतल्या दोन वेळा कालिंदी पार झाली. दरवेळी काही गोष्टी पाळल्या. वीस किलोंवर ओझे नाही, आणि ते गंगोत्रीत काट्यावर तोलून. बूट, गॉगल, हातमोजे, झोपायची पिशवी आपल्या पैशाने, आणि त्यांची तपासणी आपल्या सामानाआधी. विमा. आजारी पडून खाली उतरला तरी ठरलेली पूर्ण मजुरी मिळेल, हे सर्वांसमोर पहिल्याच दिवशी सांगायचे आणि पुन्हा नंदनवनला सांगायचे, कारण पहिल्यांदा कोणी विश्वास ठेवत नाही. स्वयंपाक एक, पंगत एक. आपल्या शाखेत, आपल्या कार्यक्रमांत समरसतेवर बोलणारे आपण. पाच हजार मीटरवर एका तंबूत तूप आणि दुसऱ्यात कोरडा भात, असे चालू द्यायचे का? मी दिले होते, म्हणून विचारतो.

खर्च वाढतो का? वाढतो. आमच्या हिशेबात माणशी पाचव्या हिश्श्याने वाढला. ज्याला तो परवडत नाही त्याने एक वर्ष थांबून केदारताल करावा. तोही सुंदर आहे आणि तेथून दोन दिवसांत गंगोत्रीला परतता येते.

पुढच्या सप्टेंबरच्या चमूसाठी मी एक तक्ता केला आहे, तो आता तुमच्यात फिरवतो. त्यात तेवीस ओळी आहेत. पहिल्या आठ तुमच्यासाठी. उरलेल्या पंधरांमध्ये नाव, गाव, घरचा माणूस, बुटाचे माप हे रकाने तसेच आहेत. ती माहिती उत्तरकाशीहून जुलैपर्यंत येईल. तोवर तुमच्यापैकी कोणीतरी बुटांच्या दुकानात चौकशी करून ठेवा, मोठ्या संख्येने घेतल्यास सवलत मिळते. आता प्रश्न विचारा.