परक्या रस्त्यावरची बोली



परदेशीं राहावयास गेलेल्या माणसाला तेथली भाषा शिकावी लागते, हें निराळें सांगावयास नको. परंतु तिच्याबरोबर आणखी एक बोली शिकावी लागते आणि तिचा कोश कोठें विकत मिळत नाहीं. ती रस्त्यावरची बोली. ज्याचा जन्म मुलांना व्याकरण शिकविण्यांत गेला, अशा माझ्यासारख्याला लंडनच्या पश्चिमेस असलेल्या स्लाऊ गांवीं मुलीकडे राहतांना या बोलीनें मोठें कुतूहल लाविलें.

पहिल्यानें जाणवलें तें मौन. गाड्यांची लांबच लांब रांग लागलेली, पण हॉर्न वाजत नाहीं. आपल्याकडे हॉर्न म्हणजे 'मी आलों' एवढीच वर्दी. मालमोटारींच्या पाठीवर तर 'हॉर्न वाजवा' असें निमंत्रणच रंगविलेलें असतें. तेथें हॉर्न म्हणजे जवळजवळ शिवी. संकटाचा प्रसंग वगळतां उभ्या गाडीनें हॉर्न वाजवूं नये, आणि वस्तींत रात्रीं ११-३० पासून सकाळीं ७ पर्यंत चालत्या गाडीनेंही वाजवूं नये, असा नियम आहे.

एके संध्याकाळीं आमची गाडी एका अरुंद रस्त्यानें चालली होती. दोन्ही बाजूंस घरांसमोर गाड्या उभ्या. मधून एकच वाहन जाईल एवढी वाट. समोरून बस आली आणि तिनें दिव्यांची उघडझाप केली. या खुणेचा अर्थ आपल्याकडे लहान मूलही जाणतें: मी येत आहें, तूं थांब. पण जावईबापूंनीं गाडी थांबविण्याऐवजीं सरळ पुढें काढली! मुलगी मागून म्हणाली, "बाबा, तो आपल्याला 'आधीं तुम्ही जा' म्हणतो आहे." बसजवळून जातांना जावईबापूंनीं हात किंचित् वर केला; बसवाल्यानें चाकावरचें एक बोट उचललें. व्यवहार पुरा झाला.

खूण एकच, अर्थ अगदीं उलट. मुंबईहून नुकताच आलेला माणूस तेथें अशा दिव्यासमोर नुसता थांबून राहील. फार तर मागच्यांचा खोळंबा होईल. पण तेथें वाढलेला मुलगा सुटींत पुण्यास आला आणि समोरच्या मालमोटारीचा दिवा लुकलुकलेला पाहून निःशंक पुढें गेला, तर?

याहून मौजेची गोष्ट अशी कीं, 'हायवे कोड' या त्यांच्या नियमपुस्तकाचा कौल लोकांच्या बाजूचा नाहीं. दिवा केवळ 'मी येथें आहें' हें कळविण्यासाठीं लावावा, दुसऱ्याचा दिवा ही पुढें जाण्याची परवानगी समजूं नये, असें पुस्तक बजावतें. लोक पुस्तकाला विचारीत नाहींत. तरीपण तो इशारा अगदींच अनाठायीं नव्हे. दिवा दाखवून दुसऱ्याला पुढें बोलवावयाचें, त्याच्या गाडीवर मुद्दाम आदळावयाचें आणि विम्याचे पैसे उपटावयाचे, असा धंदा करणारे भामटेही त्या देशांत निघालेले आहेत!

हें सौजन्य इंग्रजांच्या रक्तांतच आहे असें म्हणणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. मला तें पटत नाहीं. १९३४ सालीं ग्रेट ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं; त्या वेळीं वाहनें होतीं अवघीं २४ लाखांच्या सुमारास. २०२३ सालीं वाहनें चार कोटींच्या घरांत होतीं आणि मृत्यूंचा आंकडा होता १,६२४. रक्त तेंच होतें. बदललें तें इतर सर्व. १९३१ सालीं 'हायवे कोड' निघाला. १९३४ सालीं मंत्री लेस्ली होर-बेलीशा यांनीं पादचाऱ्यांच्या वाटेवर नारिंगी गोळ्यांचे खांब उभे करविले. १९३५ पासून वस्तींत ताशीं ३० मैलांची मर्यादा आली आणि नव्या चालकाला परीक्षा सक्तीची झाली. १९५१ सालीं काळे-पांढरे पट्टे आले. पुढें चांगले रस्ते, आसनाचे पट्टे, तत्पर रुग्णालयें यांनींही पुष्कळ हात दिला, हें खरेंच. पण गोळ्याच्या खांबापाशीं उभ्या असलेल्या म्हातारीसाठीं गाडी थांबते ती आधीं दंडाच्या भीतीनें थांबूं लागली. शिष्टाचार हें नांव तिला मागाहून मिळालें. आपल्याकडे २०२२ सालीं १,६८,४९१ माणसें रस्त्यांवर दगावलीं. तेव्हां रक्ताची गोष्ट बोलतांना जरा जपून बोलावें.

भारतीय परवान्यावर तेथें राहावयास आलेल्याला बारा महिनेच गाडी चालवितां येते. पुढें परीक्षा द्यावी लागते. लेखी भागांत ५० प्रश्नांपैकीं ४३ बरोबर यावे लागतात. माझे एक स्नेही पुण्यांत वीस वर्षें गाडी हांकलेले. ही अट त्यांना अपमानास्पद वाटे. मला ती रास्त वाटते. हात तयार असला तरी बोली परकी असते. परीक्षेच्या दिवशीं त्यांनीं सौजन्याची पराकाष्ठा करावयाचें ठरविलें. चौकांतल्या वर्तुळाशीं उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावयाची असते. यांनीं दूरवरून येणाऱ्या प्रत्येकाला दिली. मोकळी जागा सांपडूनही गाडी हलेना. परीक्षकानें 'विनाकारण खोळंबा' हा दोष मांडला आणि ते अनुत्तीर्ण झाले.

संध्याकाळीं घरीं येऊन ते मला म्हणाले, "मास्तर, काय न्याय आहे! येथें घुसलें तरी नापास, आणि थांबलें तरी नापास!"

दीड महिन्यानें ते पुन्हां बसले आणि उत्तीर्ण झाले. आतां तेच आपल्या धाकट्या मेहुण्याला शिकवीत आहेत.