जमाखर्चाच्या पलीकडचा हिशेब



वाणिज्य शाखेत शिकणारा मुलगा सुटीत गावी आला की त्याला पारावर एक प्रश्न हमखास विचारला जातो : "मग पुढे काय? कारकुनी, की सोसायटीची सचिवकी?" प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात कुचेष्टा नसते. हिशेब म्हणजे रोजकीर्द, खतावणी आणि वर्षाअखेरचा ताळेबंद, अशीच आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. झालेला खर्च चोख लिहावा, पावत्या जपून ठेवाव्यात आणि लेखापरीक्षकाने तांबड्या शाईचा शेरा न मारता सही करावी, एवढे झाले की हिशेबनिसाचे काम संपले असे आपण मानतो. हे काम महत्त्वाचे आहेच. परंतु ते हिशेबाचे अर्धे अंग होय. खर्च होण्यापूर्वी, निर्णय अद्याप हातात असताना करावयाचा हिशेब हे दुसरे अंग. त्याचा पद्धतशीर अभ्यास आता विद्यापीठांतून आणि व्यावसायिक परीक्षांतून होतो. त्या विषयाला 'व्यूहात्मक व्यवस्थापकीय लेखाशास्त्र' असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव जड आहे, विषय तितका जड नाही.

हे नाव रूढ झाले ते १९८१ पासून. त्या वर्षी केनेथ सिमंड्स या प्राध्यापकांनी इंग्लंडमधील एका व्यावसायिक मासिकात असे मांडले की, हिशेबनिसाने केवळ आपल्या कारखान्याच्या चार भिंतींतील खर्च मोजून भागणार नाही. प्रतिस्पर्ध्याचा खर्च किती, त्याची किंमत काय, बाजारपेठेतील त्याचा वाटा वाढतो आहे की घटतो आहे, हेही आकड्यांत मांडून व्यवस्थापनापुढे ठेवले पाहिजे. पुढे १९८७ मध्ये जॉन्सन आणि कॅप्लन या अमेरिकन अभ्यासकांनी, प्रचलित हिशेबपद्धती निर्णय घेणाऱ्याच्या उपयोगाची राहिली नाही, अशी परखड टीका केली. आपल्या देशात परिव्यय लेखापालांच्या संस्थेला संसदेच्या १९५९ च्या अधिनियमाने वैधानिक स्थान मिळाले. या संस्थेच्या अंतिम परीक्षेत आज व्यूहात्मक परिव्यय व्यवस्थापनाचा स्वतंत्र पेपर आहे.

शास्त्रीय व्याख्या बाजूला ठेवून एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका दूध संस्थेने पेढे तयार करण्याचा लहानसा विभाग चालविला आहे. महिन्याला १,००० किलो पेढा तयार होतो. दूध, साखर, जळण, खोकी मिळून किलोमागे ३०० रुपये लागतात. जागेचे भाडे, आचाऱ्यांचे पगार, कर्जाचे व्याज असा कायम खर्च महिन्याला ६० हजार रुपये, म्हणजे किलोमागे ६० रुपये. एकूण पडते किंमत ३६० आणि विक्री ४०० रुपयांनी; महिन्याकाठी ४० हजार रुपये नफा. अशा वेळी शहरातील एक मोठा गिऱ्हाईक येतो आणि म्हणतो, "दरमहा आणखी २०० किलो घेतो, पण ३४० रुपयांनी द्या."

जुन्या वळणाचा हिशेबनीस वही उघडून सांगेल : पडते किंमत ३६०, मिळणार ३४०, किलोमागे २० रुपये तोटा, नाही म्हणावे. परिव्यय लेखांकन शिकलेला तरुण म्हणेल : भट्टी दुपारनंतर रिकामीच असते, आचाऱ्यांचे पगार तसेही द्यावयाचेच आहेत, या मागणीमुळे वाढणारा खर्च फक्त ३०० रुपये, तेव्हा किलोमागे ४० याप्रमाणे ८ हजार रुपये वरकड मिळतात, घ्यावी. दोघांचेही गणित बरोबर आहे आणि तरीही दोघांची उत्तरे परस्परविरुद्ध आहेत.

आपल्या विषयाचा विद्यार्थी यापुढे दोन पावले जातो. ३४० चा भाव जुन्या गिऱ्हाइकांच्या कानावर गेला तर काय, असे तो विचारतो. सर्वांनीच तो भाव मागितला, तर १,२०० किलोंवर किलोमागे ४० प्रमाणे ४८ हजार हाती येतील, कायम खर्च मात्र ६० हजारच राहील. म्हणजे ४० हजारांचा नफा जाऊन १२ हजारांचा तोटा पदरी पडेल. उन्हाळ्यात दूध आटल्यावर या गिऱ्हाइकाला माल पुरवावयाचा की नेहमीच्या दुकानदारांना, हे तो ठरवून घेतो. हा मोठा गिऱ्हाईक उद्या स्वतःच भट्टी घालणार नाही कशावरून, हीही शंका तो संचालक मंडळापुढे ठेवतो. आकडे तेच, परंतु त्यांच्या भोवतालची माणसे, ऋतू आणि बाजार यांना त्याने हिशेबात जागा दिली. निर्णय अखेर संचालकांनीच घ्यावयाचा असतो. मात्र तो डोळे उघडे ठेवून घेतला जावा, एवढी व्यवस्था हिशेबनीस करू शकतो.

हा विषय शिकण्यास वडोदरा हे मोठे सोयीचे ठिकाण आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. त्याची वाणिज्य विद्याशाखा नावाजलेली आहे. शहराच्या सभोवती खत कारखाना, १९६५ पासून चालू असलेला कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, औषधांचे आणि यंत्रांचे जुने उद्योग असा उद्योगांचा मोठा पसारा आहे. नंदुरबार-नवापूरकडील विद्यार्थ्याला तर पुण्याहून वडोदरा जवळ पडते आणि मराठी बोलणारी घरे तेथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. परंतु यापेक्षाही मोठी सोय अशी की, या विषयाचे काही उत्कृष्ट धडे तेथे एका दिवसाच्या फेरफटक्यात पाहावयास मिळतात.

पहिला धडा डभोईचा. गायकवाड सरकारने १८६२ मध्ये डभोई ते मियागाम अशी अरुंद मापाची लोहमार्गाची गाडी सुरू केली. ती ओढीत असत बैल! इंजिन मागविले गेले नव्हते असे नाही. १८६३ मध्ये ते विलायतेत तयारही झाले होते. परंतु अंथरलेले रूळ इतके हलके होते की इंजिनाचा भार त्यांना पेलवेना. पुढे १८७३ मध्ये भक्कम रूळ घालावे लागले आणि इंजिने नियमितपणे धावू लागली ती १८८० च्या सुमारास. हलके रूळ घेताना जमाखर्चाच्या वहीत खर्च कमी दिसला असेल. पण रूळ, इंजिन, बैल, दुरुस्ती आणि पुन्हा नवे रूळ हा सगळा खर्च एकत्र मांडला असता, तर स्वस्त रूळ महाग पडतात हे आधीच कळले असते. वस्तूच्या खरेदीपासून ती मोडीत निघेपर्यंतचा एकूण खर्च मोजावा, असे आजची पाठ्यपुस्तके आयुर्मान परिव्यय या प्रकरणात सांगतात. विहिरीवर पंप बसविणाऱ्या शेतकऱ्यालाही हे प्रकरण लागू पडते; पंपाच्या किमतीपेक्षा त्याचे दहा वर्षांचे वीजबिल कितीतरी अधिक असू शकते.

दुसरा धडा आणंदचा. वडोदऱ्याहून आगगाडीने तासाभराच्या आत तेथे पोहोचता येते. खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा संघ १९४६ मध्ये स्थापन झाला. हिवाळ्यात म्हशींना दूध भरपूर, पण मुंबईची दूध योजना ते सगळे घेऊ शकत नसे. उरलेल्या दुधाचे करावयाचे काय? भाव पाडावा, तर उन्हाळ्यात म्हैस सांभाळण्याचा उत्साह शेतकऱ्यास राहणार नाही. संघाने १९५५ मध्ये दूध भुकटीचा कारखाना उभारला. ३१ ऑक्टोबर रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत होते, एच. एम. दलाया यांनी ती करून दाखविली. त्या कारखान्याचे यश केवळ भुकटीच्या विक्रीवर मोजणे चुकीचे ठरेल. शेतकऱ्याचे हिवाळ्यातील दूध परत न पाठविता घेता आले, ही त्याची खरी कमाई होती आणि ती कमाई भुकटी विभागाच्या नफा-तोटा पत्रकात कोठेही दिसत नाही.

तिसरा धडा खुद्द शहरातील आहे. तो सांगावयास सोपा नाही.

बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंडांची ही शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची असा करार होता. आजच्या भाषेत बोलावयाचे तर संस्थानने राज्याच्या अर्थव्यवहारासाठी माणूस घडविण्यात केलेली ही गुंतवणूक होती, आणि ती अत्यंत दूरदृष्टीची होती. कारण या विद्यार्थ्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या अर्थकारभारावर प्रबंध लिहिला, प्रांतिक अर्थव्यवहाराचा सखोल अभ्यास केला. सप्टेंबर १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्यास आले. त्यांची उमेदवारी महालेखापालांच्या कचेरीत सुरू झाली.

पण शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना. एका पारशी विश्रांतिगृहात ते उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. कचेरीत शिपाई दुरून कागद टाकीत. मित्रांच्या घरीही आसरा मिळाला नाही. एका बागेतील झाडाखाली बसून त्यांनी मुंबईस परत जाण्याचा निर्णय घेतला. संस्थानच्या वहीत शिष्यवृत्तीचा खर्च पैपैने लिहिला गेला असेल. त्या एका खोलीच्या अभावी संस्थानने काय गमावले, याची नोंद करणारे खाते त्या वहीत नव्हते. कोणत्याच वहीत नसते. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. बडोद्याच्या तिजोरीने केलेल्या खर्चाचा पहिला लाभ असा मुंबईच्या वाणिज्य विद्यार्थ्यांना मिळाला. प्रांतिक अर्थव्यवहारावरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो त्यांनी सयाजीराव महाराजांना कृतज्ञतापूर्वक अर्पण केला आहे.

या विषयाच्या अभ्यासकाने वडोदऱ्यास गेल्यावर संकल्पभूमीस अवश्य भेट द्यावी. पैशात न मोजता येणारी गोष्ट हिशेबातून वगळली तर हिशेब किती खोटा ठरतो, हे तेथे कोणत्याही व्याख्यानाशिवाय समजते.

अभ्यासाच्या अडचणींविषयीही बोलले पाहिजे. पहिली अडचण भाषेची. ग्रामीण भागातून आलेल्या मुलांना गणित येत असते, पण प्रश्नातील परिच्छेदभर इंग्रजी मजकूर उलगडत नाही आणि गुण तेथेच जातात. वास्तविक या ज्ञानाला देशी भाषांचे वावडे नाही. बडोदे संस्थानने १९३१ मध्ये 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' हा राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषी कोश प्रसिद्ध केला, त्यात मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांना स्थान होते. शिक्षकांनी प्रत्येक संज्ञा एकदा मराठीत समजावून सांगितली, आणि विद्यार्थ्याने ती आपल्या घरच्या व्यवहाराला लावून पाहिली, तर इंग्रजी उत्तर लिहिणे पुष्कळ सुकर होते. दुसरी अडचण पाठांतराची. सूत्रे पाठ करून या विषयात उत्तीर्ण होता येते, परंतु वरच्या पेढ्यांच्या उदाहरणासारख्या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर नसते. काही परीक्षक अजूनही एकच उत्तर 'बरोबर' धरतात, हे दुर्दैव आहे.

तेव्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्याने उन्हाळ्याच्या सुटीत गावच्या दूध संस्थेत पंधरा दिवस जाऊन बसावे. सचिवांनी त्याला वह्या पाहू द्याव्यात. लपविण्यासारखे काही नसेल तर अडचण येऊ नये. सकाळचे दूध किती, संध्याकाळचे किती, स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनांश यांवर भाव ठरतो तेव्हा गाय पाळणाऱ्यास काय मिळते आणि म्हैस पाळणाऱ्यास काय, शीतकरण यंत्र दिवसातून किती तास मोकळे असते, टेंपो परत येताना रिकामा येतो काय, शेजारच्या गावात खासगी डेअरीवाला लिटरमागे काय देतो आणि कोणत्या महिन्यात देणे बंद करतो, हे त्याने टिपून घ्यावे. या टिपणांचे एक पानभर कोष्टक करून ते वार्षिक सभेपूर्वी संचालकांच्या हाती द्यावे. सभेच्या दिवशी ताळेबंद छापून झालेला असतो, आणि नव्या टेंपोचा ठरावही बहुधा टंकलिखित झालेला असतो.