माथाडींचे अण्णासाहेब



पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे हे गाव आपणांपैकी काहींच्या पाहण्यात असेल. भाग डोंगराळ, शेती तुटपुंजी. पोटासाठी मुंबईची वाट धरणे ही तेथील घरोघरची रीत. अण्णासाहेब पाटील यांचा जन्म १९३३ साली याच गावी झाला. पुढे तेही मुंबईस गेले आणि डोक्यावर ओझे वाहणाऱ्या हमालांचे, म्हणजे माथाडींचे, संघटक झाले.

हे काम किती अवघड होते, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. गिरणी कामगाराला एक मालक असतो, हजेरीपट असतो. माथाडी सकाळी एका पेढीचा माल उतरवी, तर दुपारी दुसऱ्या पेढीचा. अपघात झाला, वृद्धत्व आले, की प्रत्येक व्यापारी म्हणणार, 'हा माझा नोकर नव्हे.' मग संप करावयाचा तो कोणाविरुद्ध? कामगार कायद्यांचे सारे बळ मालक निश्चित असल्यावर अवलंबून. येथे नेमका तोच सापडत नव्हता.

या लढ्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आला. गोदी कामगारांसाठी १९४८ साली केंद्राने केलेल्या कायद्याचे उदाहरण समोर होतेच. मालक शोधत बसण्याऐवजी शासन, व्यापारी व कामगार यांचे त्रिपक्षीय मंडळ नेमावयाचे. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची. मंडळाने कामगारास वेतन द्यावयाचे व लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, औषधोपचार यांची तरतूद करावयाची. टोळी तीच, पोतेही तेच. परंतु हमालाचे नाव नोंदवहीत आले. माझ्या मते अण्णासाहेबांच्या कार्यातील ही सर्वांत टिकाऊ गोष्ट होय.

पुढे ते सत्ताधारी पक्षाचे विधान परिषद सदस्य झाले. तरी रस्ता त्यांनी सोडला नाही. मराठा समाजातील दुर्बलांना आर्थिक निकषावर आरक्षण मिळावे, या मागणीसाठी २२ मार्च १९८२ रोजी त्यांनी विधिमंडळावर प्रचंड मोर्चा नेला. मागणी मान्य झाली नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपले जीवन संपविले. या अखेरीचे समर्थन मला करवत नाही. तिच्यामागची तळमळ मात्र नाकारता येत नाही.

त्यांच्या नावाचे आर्थिक मागास विकास महामंडळ राज्य शासनाने १९९८ साली स्थापन केले. व्यवसायासाठी घेतलेल्या बँक कर्जावरील व्याजाचा परतावा देणारी त्याची योजना आपल्या गावातील काही तरुणांनी घेतलीही असेल.