ठरलं किती, झालं किती

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



कामाचा तक्ता संगणकावर कसा काढायचा ते शिकव, असं तुम्ही मला सांगितलंत. शिकवते. पण त्यात माझी झालेली चूकही सांगते.

घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे व्हावी, असा शासन निर्णय आपल्या राज्यात २००३ साली निघाला. तरी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर बाईचं नाव आपोआप चढत नाही. अर्ज करावा लागतो, मागे लागावं लागतं. एका गावात आम्ही हे काम हाती घेतलं.

एक्सेलमध्ये मी तीन रकाने केले : वस्ती, ठरलेली घरं, झालेली घरं. चौथ्या रकान्यात बरोबरचं चिन्ह देऊन ‘झालेली भागिले ठरलेली’ हे सूत्र घातलं आणि टक्क्याचं बटण दाबलं. सूत्र पहिल्या ओळीत लिहून खाली ओढलं, की सगळ्या वस्त्यांचे टक्के येतात.

मग पहिले तीन रकाने निवडून स्तंभांचा आलेख काढला. प्रत्येक वस्तीचे दोन स्तंभ शेजारी-शेजारी उभे राहतात. ते एकमेकांवर पूर्ण सरकवायचे आणि ‘ठरलेली’चा रंग काढून नुसती चौकट ठेवायची. रिकाम्या हंड्यात पाणी चढावं तसं चित्र दिसतं. अक्षर न येणाऱ्या बाईलाही ते कळतं. आकडे मात्र शून्यापासूनच सुरू ठेवा, नाहीतर चित्र खोटं पडतं.

हा तक्ता मी बैठकीत भिंतीवर लावला. ६० पैकी ४८ घरं, म्हणजे ८० टक्के! टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून एक मावशी उठल्या. म्हणाल्या, “ताई, ह्यात माझं घर कुठंय?”

नवऱ्याने त्यांना टाकून वीस वर्षं झाली होती. राहत्या घरावर अजून त्याचंच नाव. मी ‘ठरलेली घरं’ मोजताना जोडप्यांचीच घरं धरली होती. विधवा, टाकलेल्या बाया माझ्या हिशेबातच नव्हत्या. आणि जी ठरलेल्यांत नाही, ती राहिलेल्यांतही दिसत नाही.

दुसरी एक जण म्हणाली, “अर्ज दिलाय खरा, पण उतारा कुणी बघितलाय?” खरंच होतं. अर्ज दिला, की मी ‘झालं’ म्हणून मांडत होते.

त्या रात्री आम्ही बसून नव्याने मोजलं. एकट्या बायांची १५ घरं मिळवली, ठरलेली घरं ७५ झाली. ‘अर्ज दिला’ आणि ‘उतारा हातात आला’ असे दोन वेगळे रकाने केले. उतारा हातात आलेली घरं निघाली २४. म्हणजे ३२ टक्के.

तोच तक्ता दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीवर लावला. मला लाज वाटत होती. पण कोणत्या वस्तीत किती अर्ज अडलेत ते आता दिसत होतं, म्हणून बायका पहिल्यांदाच मिळून ग्रामपंचायतीत गेल्या.

तेव्हा संगणक उघडण्याआधी दोन गोष्टी गावातल्या बायकांना विचारा. आपल्या हिशेबात कोण-कोण? आणि ‘झालं’ कशाला म्हणायचं? सूत्र घालणं पाच मिनिटांचं काम आहे.

मावशींचं नाव अजून चढलेलं नाही. पण त्यांचं घर तक्त्यात आहे. त्यामुळे ते काम संपलं, असं आम्हाला म्हणता येत नाही.

चला, आता संगणक सुरू करू या.