हिंदूरावांचा वाडा आणि इंग्रजीचा पेपर

दिल्लीच्या उत्तरेस जी दगडाळ टेकडी पसरली आहे, तिच्यावर एक मराठी नाव आजही नांदत आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. त्यांचा वाडा या टेकडीवर होता आणि तेथील महानगरपालिकेचे मोठे रुग्णालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. विद्यापीठ येथून जवळ. मुखर्जीनगरची शिकवणी-वर्गांची वस्तीही फार दूर नाही. स्पर्धा परीक्षांसाठी महाराष्ट्रातून येणारे अनेक तरुण या भागात वावरतात. परंतु इंग्रजी वर्णनलेखनाचा एक उत्तम धडा या रुग्णालयाजवळच उभा आहे, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानी येते.

नागरी सेवा परीक्षा कोठारी समितीच्या शिफारशीनुसार 1979 पासून मराठीतूनही देता येते. तथापि मुख्य परीक्षेत इंग्रजीचा 300 गुणांचा एक पेपर असतोच. त्याचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत. पण त्यात 25 टक्के, म्हणजे 75 गुण पडले नाहीत, तर बाकीच्या पेपरांतील सारी विद्वत्ता हिशेबाबाहेर राहते. पेपरचा दर्जा शालान्त परीक्षेचा. तेव्हा येथे उमेदवार अडखळतो तो ज्ञानाच्या अभावी नव्हे, तर बारीकसारीक चुकांच्या ओझ्याने. यावर उपाय म्हणून कित्येक जण भरजरी उतारे पाठ करतात. रोग एक आणि औषध दुसरे, असा हा प्रकार होय.

रुग्णालयाजवळचा तो धडा म्हणजे अशोकाचा स्तंभ. हा मूळचा मीरतचा. फिरोजशहा तुघलकाने तो दिल्लीस आणविला. अठराव्या शतकाच्या आरंभी, फर्रुखसियरच्या काळात, दारूच्या स्फोटाने त्याचे पाच तुकडे झाले आणि 1867 साली तो पुन्हा उभा करण्यात आला. हा सारा वृत्तान्त त्याच्या पायथ्याच्या इंग्रजी फलकावर चार-पाच ओळींत कोरलेला आहे. त्यात स्तुतिपर विशेषण एकही नाही. काय घडले, कोठे, कोणाकडून आणि केव्हा, एवढेच आहे. आणि दोन हजार वर्षांचा इतिहास त्यात सामावला आहे.

हेच वर्णन मराठी विद्यार्थ्याने लिहावयास घेतले, म्हणजे त्याची मातृभाषा त्याला नकळत चकविते. मराठीत ‘काल गेलो होतो’ हे निर्दोष वाक्य आहे. त्यामुळे तो इंग्रजीतही प्रत्येक भूतकाळी क्रियापदामागे ‘हॅड’ जोडतो. वास्तविक दोन गतगोष्टींपैकी आधीची कोणती, हे सांगण्यापुरतेच त्याचे प्रयोजन. ‘पाच तुकड्यांत’ यातील ‘त’ पाहून तो ‘इन’ लिहितो. पण वस्तू एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाते, तेथे इंग्रजीला ‘इन्टू’ हवे असते. स्तंभाचा प्रथम उल्लेख ‘अ पिलर’, पुढे तोच ‘द पिलर’, हा भेद तर त्याला निव्वळ जाच वाटतो. परंतु आजीच्या गोष्टीतही ‘एक राजा होता’ असे सांगून झाल्यावर पुढे ‘तो राजा’ असेच येते. भेद आपल्याही कानाला ठाऊक आहे. इंग्रजीने तो सक्तीचा केला, इतकेच.

यांतील कोणतीही चूक केवळ व्याकरणाची नसते. हिंदूरावांच्याच घराचे उदाहरण घ्यावे. ‘हाऊस ऑफ हिंदूराव’ म्हटले तर ते खरे. ‘बिल्ट बाय हिंदूराव’ म्हटले तर ते खोटे. कारण ते घर मुळात विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्यासाठी बांधले गेले. 1835 साली त्याचा खून झाला आणि त्यानंतर ते हिंदूरावांकडे आले. दुसऱ्या शब्दप्रयोगात व्याकरणाचा दोष नाही, तरी एका ‘बाय’ने इतिहास बदलला.

म्हणून सरावाची रीत साधी असावी. एखादी डोळ्यांसमोरची वस्तू घेऊन तिच्यावर रोज दहा वाक्ये लिहावीत. मग ती तीनदा वाचावीत: एकदा केवळ क्रियापदांसाठी, म्हणजे काळ व वचन यांसाठी, एकदा केवळ नामांसाठी, म्हणजे ‘अ’ आणि ‘द’ यांसाठी, आणि एकदा केवळ संबंध दाखविणाऱ्या लहान शब्दांसाठी. एकाच वाचनात सर्व दोष शोधू पाहणाऱ्याला बहुधा निम्मेच सापडतात. परीक्षेतही शेवटची दहा मिनिटे याच कामासाठी राखून ठेवावीत. ‘भव्य’ लिहिण्याचा मोह झाला, तर ‘सुमारे 10 मीटर उंच’ असे लिहावे. ज्याला उंची सांगता येते, त्याला भव्यता निराळी सांगावी लागत नाही.

इंग्रजी ही परकी भाषा आहे, ही सबब एका मर्यादेपर्यंत खरी. पण नीट पाहणे आणि पाहिले तेवढेच लिहिणे, हे कोणत्याच भाषेला परके नाही. ते ज्याला साधले, त्याचे 75 गुण तर सुटतीलच; शिवाय पुढे अधिकारपदावर बसल्यावर त्याच्या अहवालावर विसंबणाऱ्या नागरिकांचेही त्यात हित आहे.