रामरक्षा : नामांचे कवच



दिवेलागणीला शुभंकरोतीपाठोपाठ रामरक्षा म्हणण्याची चाल मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली. कुटुंब इंदूरला असो वा बडोद्याला, मुलांच्या शाळेची भाषा बदलली तरी तिन्हीसांजेची भाषा बदलली नाही. मात्र रोजच्या उच्चाराने शब्द गुळगुळीत होतात आणि त्यांमागील योजना दिसेनाशी होते.

स्तोत्राचे कर्तृत्व बुधकौशिक ऋषींकडे दिले जाते. शंकराने स्वप्नात सांगितले आणि ऋषींनी पहाटे जागे होताच ते लिहून काढले, असे स्तोत्रच सांगते. प्रचलित पाठात ३८ श्लोक आहेत. त्यांतील मोजके श्लोक हेच खरे कवच. मस्तकापासून पावलांपर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका नावाच्या स्वाधीन केला आहे. ही नावे कशीही वेचलेली नाहीत. मस्तक राघवाकडे आणि कपाळ दशरथपुत्राकडे, म्हणजे कुळ आणि पिता. डोळे कौसल्येच्या मुलाकडे. कान विश्वामित्राच्या लाडक्याकडे आहेत, कारण गुरूचे ऐकणे कानांनीच होते. जिभेला विद्यानिधी, शिवधनुष्य मोडणारा बाहूंना, आणि ज्या हातांनी पाणिग्रहण झाले त्या हातांना सीतापती. पुढे खर, जांबवान, सुग्रीव, हनुमान असे करीत गुडघ्यांपाशी सेतू बांधला जातो, पोटऱ्यांपाशी रावण पडतो आणि पावलांशी बिभीषणाला राज्य मिळते. अवघे रामायण देहावरून खाली उतरते. क्रम अगदी काटेकोर आहे असे नव्हे. कंठाशी भरत वंदन करतो तेव्हा धनुष्य अजून मोडायचेच असते. पण ही ओढाताण गोड आहे. पुढे एका श्लोकात राम शब्दाच्या आठही विभक्ती येतात, त्यामुळे कित्येकांचे संस्कृत व्याकरण शाळेआधी देवघरातच सुरू झाले.

या पठणाने रक्षण होते काय, हा प्रश्न टाळता येत नाही. फलश्रुती दीर्घायुष्य आणि विजय देऊ करते. चिकित्सक माणूस तिथे हसेल, आणि त्याने हसावेही. या संदर्भात महात्मा गांधींच्या आत्मकथेतील प्रांजळ कबुली मोलाची आहे. पोरबंदरला असताना त्यांनी रामरक्षा पाठ केली आणि रोज स्नानानंतर ते ती म्हणत. राजकोटला गेल्यावर ती सुटली. तिच्यावर फारशी श्रद्धा नव्हती, आपले उच्चार शुद्ध असल्याचा अभिमान मात्र होता, असे ते स्वतःच नोंदवतात. भुताखेतांच्या भयावर रंभा नावाच्या दाईने सांगितलेले साधे रामनाम मात्र त्यांना जन्मभर पुरले.

आता अनेक घरांत रामरक्षा यंत्रावर लागते. उच्चार निर्दोष असतात, चालही गोड असते. म्हणणारे मात्र कोणी नसते. काळोखात घाबरलेल्या मुलाच्या ओठांवर येते ते त्याने स्वतः म्हटलेलेच. तापाने फणफणलेल्या नातवाच्या उशाशी बसून रामरक्षा पुटपुटणाऱ्या आजीचा हात त्या नावांबरोबर कपाळावरून खांद्यावर, खांद्यावरून छातीवर उतरत असे. शेवटी चिमूटभर अंगारा लावायचा. तो लावेपर्यंत मूल जागे राहत नसे. पुष्कळदा सेतूच्या अलीकडेच त्याचा डोळा लागलेला असे.